प्रोफेसर विजापूरकर

पुण्याहून आगगाडीने लोणावळ्याकडे निघाले, म्हणजे वाटेत मावळातील तळेगाव दाभाडे हे गाव लागते. सरसेनापती दाभाडे यांचे गाव म्हणून इतिहासात त्याची कीर्ती आहेच. परंतु विसाव्या शतकाच्या आरंभी एका विद्वान पुरुषाने येथे जी शाळा चालविली, तिच्यामुळेही हे गाव साऱ्या महाराष्ट्रास ठाऊक झाले. त्या पुरुषाचे नाव विष्णु गोविंद विजापूरकर.

विजापूरकरांचा जन्म २६ ऑगस्ट १८६३ रोजी कोल्हापुरास झाला. उच्च शिक्षणासाठी ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आले. त्या काळी कॉलेजे मोजकीच होती आणि डेक्कन कॉलेज त्यांत अग्रगण्य गणले जाई. टिळक व आगरकर हेही तेथलेच विद्यार्थी. अशा कॉलेजातून पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या तरुणास नोकरीची आणि मानमरातबाची वाण पडत नसे. विजापूरकर एम. ए. झाले आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक झाले.

परंतु प्रचलित शिक्षणातील उणीव त्यांना जाणवू लागली. मुले परक्या भाषेतून धडे पाठ करीत, परीक्षा देत आणि नोकरी शोधीत. आपल्या भाषेत विचार करावा, हाताला एखादा उद्योग यावा, देशाविषयी आस्था वाटावी, याची तरतूद त्या शिक्षणात नव्हती. ज्ञान मराठीत यावे म्हणून विजापूरकरांनी १८९४ साली 'ग्रंथमाला' हे मासिक सुरू केले. इतिहासाचार्य राजवाडे यांच्यासारख्या संशोधकांचे लेखन त्यांनी प्रसिद्ध केले.

१९०५ साली बंगालची फाळणी झाली आणि देशभर राष्ट्रीय शिक्षणाची चळवळ उभी राहिली. १९०६ साली विजापूरकरांनी समर्थ विद्यालय स्थापन केले. पुढे तळेगाव हेच त्या विद्यालयाचे घर झाले. तेथे शिक्षण मराठीतून मिळे आणि पुस्तकी विद्येबरोबर उद्योगाचेही शिक्षण दिले जाई. लोकमान्य टिळकांचा या कार्याला पाठिंबा होता.

या शाळेत मुलगा घालणे ही मात्र सोपी गोष्ट नव्हती. शाळा सरकारी शिक्षणपद्धतीबाहेरची होती. मॅट्रिक नाही तर कॉलेज नाही, आणि कॉलेज नाही तर सरकारी नोकरी नाही! तरीही अनेक पालकांनी आपली मुले तेथे धाडली.

लवकरच संकटे आली. 'विश्ववृत्त' या मासिकातील एका लेखाबद्दल १९०८ साली विजापूरकरांवर खटला झाला व त्यांना तुरुंगात जावे लागले. १९१० साली सरकारने समर्थ विद्यालयच बंद केले. सुटून आल्यावरही विजापूरकरांनी आपला ध्यास सोडला नाही. १९१८ साली तळेगावात विद्यालय पुन्हा सुरू झाले. १ ऑगस्ट १९२६ रोजी त्यांचे निधन झाले.

त्याच तळेगावात १९०८ साली लोकांच्या एकेका पैशातून पैसा फंडाचा काच कारखाना निघाला होता. जपान व अमेरिकेत काचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांनी तेथे साध्यासुध्या तरुणांना ती कला शिकविली. त्या तरुणांजवळ मोठी पदवी नव्हती. पण त्यांच्या हाती विद्या होती.

मग मोठ्या कॉलेजात जाणे व्यर्थ समजावे काय? तसे नव्हे. डेक्कन कॉलेजात मिळविलेली विद्वत्ता नसती, तर विजापूरकर 'ग्रंथमाला' चालवू शकले नसते. वार्ष्णेय परदेशी शिकले नसते, तर तळेगावच्या तरुणांना काचविद्या मिळाली नसती. परंतु कॉलेजच्या नावाने माणूस मोठा होत नाही. तेथे मिळालेले ज्ञान तो कोणाच्या दारी पोहोचवितो, यावर त्याची थोरवी ठरते. शिवाय लहान गावच्या शाळेतही मनापासून शिकणाऱ्यास विद्या भरभरून मिळते.

एकेकाळी सरकारने बंद केलेल्या त्या शाळेची परंपरा आज तळेगावात नूतन महाराष्ट्र विद्या प्रसारक मंडळ चालवीत आहे. आता तेथे अभियांत्रिकीचे महाविद्यालयही आहे. मुलांनो, पुढे तुम्ही कोठेही शिका. विजापूरकरांप्रमाणे आपल्या विद्येचा दिवा दुसऱ्याच्या वाटेवर धरा.