मेन्टेनन्सवाला योकोई

ऑफर लेटरवर ‘मेन्टेनन्स’ हा शब्द दिसला की आपल्याकडे चेहरे पडतात. डिझाइनवाला तो खरा इंजिनिअर, सॉफ्टवेअरवाला तो नशीबवान, आणि मेन्टेनन्सवाला म्हणजे पाना घेऊन मशीनमागे धावणारा, असा हिशोब आपण फर्स्ट इयरपासूनच डोक्यात पक्का करून ठेवलेला असतो. मी ज्या माणसाबद्दल लिहितोय तो १९६५ साली याच कामावर लागला होता. गुनपेई योकोई त्याचं नाव. वयाने माझ्या आजोबांच्या पिढीचा, पण मी त्याला एकेरीच म्हणणार. हॉस्टेलवर जवळच्या माणसाला कोणी अहो-जाहो करत नाही.

योकोईचा जन्म १० सप्टेंबर १९४१ चा, जपानमधल्या क्योटो शहरातला. दोशिशा विद्यापीठातून त्याने इलेक्ट्रॉनिक्स केलं. मार्क बेताचेच. वर्गातली हुशार मुलं टोकियोला मोठमोठ्या कंपन्यांत गेली आणि हा गावातच एका पत्त्यांच्या कारखान्यात चिकटला. पत्ते म्हणजे खरोखरचे पत्ते, फुलांची चित्रं असलेले ‘हानाफुदा’. १८८९ पासून ही कंपनी तेच करत होती. कंपनीचं नाव निन्टेंडो. पत्ते बनवणाऱ्या मशीनची देखभाल करायची, एवढंच त्याचं काम.

मशीन नीट चालली की मेन्टेनन्सवाल्याला काम नसतं. रिकाम्या वेळात योकोई कारखान्यातच काहीबाही बनवत बसायचा. एकदा त्याने कात्रीसारख्या पट्ट्या एकमेकींना जोडून लांब होणारा हात तयार केला. दांडे दाबले की हात पुढे जातो आणि लांबची वस्तू पकडतो. नेमके त्याच वेळी कंपनीचे अध्यक्ष हिरोशी यामाउची फेरीवर आले. कामाच्या वेळेत खेळणी बनवताना साहेबांनी पाहिलं, आता आपलं काही खरं नाही, असंच कुणालाही वाटेल. पण यामाउचींनी त्याला ते विकण्याजोगं करायला सांगितलं. १९६६ साली ‘अल्ट्रा हँड’ नावाने तो हात बाजारात आला आणि दहा लाखांच्या वर खपला. पाना सुटला, खेळणी हातात आली.

यानंतरचं त्याचं एक खेळणं मला फार आवडतं. १९६९ चा ‘लव्ह टेस्टर’. एक छोटी पेटी, तिच्यावर काट्याचं मीटर, आणि तारांच्या टोकाला धातूचे दोन गोळे. एक गोळा मुलाने धरायचा, एक मुलीने, आणि मोकळे हात एकमेकांच्या हातात द्यायचे. सर्किट पूर्ण होतं, दोघांच्या शरीरातून अगदी किंचित करंट जातो आणि काटा हलतो. तळहाताला घाम सुटला की कातडीचा रेझिस्टन्स कमी होतो, काटा पुढे जातो, आणि प्रेम जास्त! आपण फर्स्ट इयरला गॅल्व्हानोमीटरवर रीडिंग घेऊन जर्नल भरतो, त्यातलंच हे सगळं. प्रेम मोजलं जात नाही हे योकोईला आपल्याइतकंच माहीत होतं. मुला-मुलीने हात धरावा म्हणून एक निमित्त हवं होतं, ते त्याने बनवलं. मीटर हा नुसता बहाणा.

१९७० मध्ये त्याने प्रकाशाच्या बंदुकीचं खेळणं आणलं. त्यासाठी शार्प कंपनीचे सोलर सेल वापरले. वीज तयार करण्यासाठी असलेला सेल त्याने नेमबाजीच्या टार्गेटमध्ये बसवला. बंदुकीतून निघालेला प्रकाश त्यावर पडला की नेम लागला. शार्पमध्ये तेव्हा मासायुकी उएमुरा नावाचा इंजिनिअर होता. तो पुढे निन्टेंडोत आला आणि १९८३ चा त्यांचा ‘फॅमिकॉम’ हा घरगुती व्हिडिओ गेम त्याच्याच हाताखाली तयार झाला.

आता मुख्य गोष्ट. सत्तरच्या दशकात जपानमध्ये कॅल्क्युलेटरची मोठी लढाई झाली. शार्प आणि कॅसिओ एकमेकांच्या किमती पाडत होते. कॅल्क्युलेटर स्वस्त झाले, एलसीडी स्क्रीन स्वस्त झाले. त्या काळात शिन्कान्सेन रेल्वेतून जाताना योकोईला एक कंटाळलेला नोकरदार दिसला. तो आपल्या कॅल्क्युलेटरची बटणं उगाचच दाबत वेळ काढत होता. डब्यातल्या बाकीच्यांनीही ते पाहिलं असेल, पण योकोईच्या डोक्यात त्यावरून खिशात मावणारा खेळ आला.

पुढे एकदा अध्यक्षांचा ड्रायव्हर आजारी पडला. डाव्या बाजूला स्टिअरिंग असलेली परदेशी गाडी चालवायची सवय योकोईला होती, म्हणून त्याला चाकावर बसवलं. गाडी चालवता चालवता त्याने यामाउचींना कल्पना सांगून टाकली. त्या दिवशीच्या बैठकीत यामाउची नेमके शार्पच्या अध्यक्षांशेजारी बसले आणि विषय निघाला. थोड्याच दिवसांत शार्पची माणसं निन्टेंडोच्या दारात हजर.

एप्रिल १९८० मध्ये पहिला ‘गेम अँड वॉच’ आला. आत कॅल्क्युलेटरच्या जातीची चिप आणि स्क्रीन. आकडा जसा सात कांड्यांचा बनतो, तशी इथे माणसाची, चेंडूची चित्रं स्क्रीनवर आधीच कोरलेली. एक चित्र बंद, शेजारचं चालू, की चेंडू हलला असं डोळ्याला वाटतं. खेळून झालं की ते घड्याळ. बनवताना एक अडचणही आली. स्क्रीन आणि त्यावरची पट्टी इतकी जवळ येत होती की मध्ये न्यूटन्स रिंग्ज दिसायला लागल्या. हो, फिजिक्सच्या प्रॅक्टिकलमधल्या त्याच! उपाय काय, तर पृष्ठभागावर बारीक ठिपक्यांचा उठाव देऊन दोघांत थोडंसं अंतर ठेवायचं. या मालिकेचे ४ कोटी ३४ लाख नग खपले.

१९८२ मध्ये या मालिकेत ‘डाँकी काँग’ आणायचा होता. घडी होणाऱ्या डबीत जॉयस्टिकचा दांडा कसा मावणार? योकोईने अधिक चिन्हासारखं चपटं बटण बसवलं. चार दिशा, एक अंगठा. ते बटण मग फॅमिकॉमवर गेलं आणि आज बाजारातल्या जवळजवळ प्रत्येक गेम कंट्रोलरवर ते या ना त्या रूपात आहे.

योकोईच्या या पद्धतीला नाव आहे. जपानी शब्दांचा अर्थ साधारण असा, की वाळलेलं तंत्रज्ञान घ्या आणि त्याचा आडवा विचार करा. मला ‘वाळलेलं’पेक्षा ‘मुरलेलं’ हा शब्द बरा वाटतो, लोणच्यासारखा. जो पार्ट बाजारात भरपूर मिळतो, स्वस्त झालाय, ज्याचे दोष सगळ्यांना पाठ आहेत, तो घ्यायचा. आणि ज्या कामासाठी तो कुणी वापरलाच नाही, त्या कामाला लावायचा. याला जुगाड म्हणू नका. जुगाडात आजचा दिवस भागला की झालं. इथे कोट्यवधी नग बनवायचे आणि एकही मुलाच्या हातात बंद पडू द्यायचा नाही, असा हिशोब आहे.

२१ एप्रिल १९८९ ला ‘गेम बॉय’ आला तो याच हिशोबातून. योकोईच्या विभागात, सातोरू ओकादासारख्या सहकाऱ्यांच्या हातून तो घडला. आतला प्रोसेसर ८ बिटचा, साधारण ४ मेगाहर्ट्झचा, इंटेल ८०८० आणि झेड-८० यांच्या भाऊबंदातला. म्हणजे लॅबमध्ये ज्या ८०८५ ला आपण नावं ठेवतो त्याचाच नातेवाईक. कामाची रॅम ८ केबी. स्क्रीन १६० बाय १४४, हिरवट, चार छटा, आत दिवा नाही. त्याच सुमारास अटारीचा ‘लिंक्स’ आणि सेगाचा ‘गेम गिअर’ रंगीत स्क्रीन घेऊन उतरले. कागदावर दोघांनीही गेम बॉयला धोबीपछाड दिली असती. पण त्यांना सहा पेन्सिल सेल लागायचे आणि ते चार-पाच तासांत बसायचे. गेम बॉय चार सेलवर दहा-पंधरा तास सहज चालायचा, स्वस्त होता, आणि पडला तरी फुटत नव्हता. नंतरच्या रंगीत आवृत्तीसह तो ११ कोटी ८६ लाखांच्या वर खपला.

माझ्या चुलतभावाकडे जत्रेतून आणलेला ‘ब्रिक गेम’ होता, आठवतोय का कुणाला? विटा रचायचा करडा खेळ. त्याचा स्क्रीनही कॅल्क्युलेटरच्याच घराण्यातला. आमच्या वाड्यातली पाच-सहा पोरं एका मागोमाग नंबर लावून तो खेळायची. खेळणारा एक आणि खांद्यावरून सल्ले देणारे पाच.

गेम बॉयला मात्र एक सोय जास्त होती. बाजूला छोटं सॉकेट आणि एक केबल. दोन यंत्रं जोडली की दोघांना समोरासमोर ‘टेट्रिस’ खेळता यायचं. ही केबल पाहून सातोशी ताजिरी या खेळ बनवणाऱ्याच्या डोळ्यांपुढे तारेवरून इकडून तिकडे जाणारे किडे आले. त्यातून १९९६ मध्ये ‘पोकेमॉन’ जन्मला. सगळे पोकेमॉन जमवायचे तर दुसऱ्या मुलाशी अदलाबदल करावीच लागते; एकट्याने काही ते होत नाही. लव्ह टेस्टरमधली तार वीस वर्षांनी गेम बॉयच्या बाजूला येऊन बसली होती, असं मला वाटतं.

आणि मग १९९५ चा ‘व्हर्च्युअल बॉय’. डोळ्यांना लावून आत पाहायचं, त्रिमितीचा आभास. इथेही मुरलेलाच माल होता: स्वस्त, कमी वीज खाणारे लाल एलईडी आणि हलणारे आरसे. पण काळ्यावर लाल चित्रं पाहून डोळे दुखायचे, टेबलावर वाकून बसावं लागायचं. साधारण ७ लाख ७० हजार नग खपले आणि वर्षाच्या आतच ते बंद पडलं. लोक म्हणतात तंत्रज्ञान कच्चं होतं. मला कारण वेगळं दिसतं. ज्याने आयुष्यभर दोन माणसांना एकमेकांसमोर बसवलं, त्याच्या या यंत्रात तोंड घातलं की शेजारचा माणूसच दिसेनासा होत होता. खांद्यावरून डोकावायलासुद्धा जागा नव्हती.

योकोईने मैदान सोडलं नाही. आधी गेम बॉयची छोटी, हलकी आवृत्ती पूर्ण करून दिली आणि १९९६ च्या ऑगस्टमध्ये तो निन्टेंडोतून बाहेर पडला. एकतीस वर्षांची नोकरी. क्योटोतच ‘कोटो’ नावाची स्वतःची कंपनी काढली आणि बांदाईसाठी नवं हातातलं यंत्र आखायला घेतलं. ४ ऑक्टोबर १९९७ ला इशिकावा भागात एक्सप्रेसवेवर गाडीला किरकोळ अपघात झाला. पाहायला तो खाली उतरला आणि मागून आलेल्या वाहनाने त्याला उडवलं. वय ५६. ते यंत्र, ‘वंडरस्वान’, १९९९ मध्ये बाजारात आलं. एकाच पेन्सिल सेलवर चालणारं! त्यासोबतच्या एका कोड्याच्या खेळाला त्याचं नाव दिलंय, ‘गुनपेई’.

आपल्या वर्गातल्या काहींना यंदा मेन्टेनन्सच्याच जागा मिळाल्यात. त्यांना मी उगाच धीर देणार नाही. प्रत्येक मेन्टेनन्सवाल्याच्या शॉपमध्ये यामाउची फेरीवर येतातच असं नाही. पण रिकाम्या वेळात बनवलेला लांब हात आधी तयार होता, साहेब नंतर आले, एवढं लक्षात ठेवा. आणि प्रोजेक्टवाल्यांनो, नवीन बोर्ड मागवायला पैसे नाहीत म्हणून रडण्याआधी लॅबमधलं मागचं कपाट एकदा उघडून बघा. जुने कॅल्क्युलेटर, बंद मीटर, धूळ खात पडलेले किट. त्यातलं काय घेऊन कुणाला कुणासमोर बसवता येईल, एवढाच विचार करा.