मानेचा कर्करोग आणि रक्तवाहिन्या : डॉ. जॉर्ज क्राइल यांचे जीवनकार्य

तोंड, जीभ व घशाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेत शल्यचिकित्सकापुढे दुहेरी आव्हान असते. रोग समूळ काढायचा आणि त्याला लगटून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्याही सांभाळायच्या. कर्करोगाची शस्त्रक्रिया आणि रक्तवाहिन्यांची शस्त्रक्रिया यांची सांगड घालणाऱ्या आद्य शल्यचिकित्सकांत अमेरिकेचे डॉ. जॉर्ज वॉशिंग्टन क्राइल यांची गणना होते.

क्राइल यांचा जन्म ११ नोव्हेंबर १८६४ रोजी ओहायो राज्यातील एका शेतकरी कुटुंबात झाला. १८८७ मध्ये त्यांनी वैद्यकीय पदवी संपादन केली. उमेदीच्या काळात एका मित्राचे दोन्ही पाय अपघातात चिरडले गेले आणि तो त्या आघातातून सावरू शकला नाही. या मृत्यूने व्यथित झालेल्या क्राइल यांनी रक्तस्राव आणि रक्तदाब यांच्या अभ्यासास वाहून घेतले. शस्त्रक्रियेतील आघातावरील त्यांचा ग्रंथ १८९९ मध्ये प्रसिद्ध झाला.

त्या काळी मानेवरील शस्त्रक्रियेत अतिरक्तस्रावाचे भय मोठे होते. क्राइल यांनी मेंदूकडे जाणारी रोहिणी काही काळ हळुवारपणे बंद ठेवणारा चिमटा वापरात आणला. १९०६ हे वर्ष त्यांच्या कार्यात विशेष महत्त्वाचे ठरले. त्या वर्षी ऑगस्टमध्ये क्लीव्हलँड येथे त्यांनी एका भावाची रोहिणी दुसऱ्या भावाच्या नीलेस जोडून थेट रक्त दिले. यासाठी फ्रेंच शल्यचिकित्सक अलेक्सिस कॅरेल यांची रक्तवाहिन्या शिवण्याची पद्धती त्यांना मार्गदर्शक ठरली. कॅरेल यांना पुढे १९१२ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये क्राइल यांनी डोके व मानेच्या कर्करोगावरील १३२ शस्त्रक्रियांचा अहवाल प्रसिद्ध केला. हा रोग लसिकाग्रंथींच्या साखळीतून मानेत पसरतो, म्हणून केवळ दिसणारी गाठ काढणे अपुरे आहे, असे त्यांनी दाखवून दिले. ग्रंथी, भोवतालची चरबी, स्नायू आणि मानेतील मोठी नीला एकसंध काढण्याची त्यांची पद्धती पुढे जगभर स्वीकारली गेली. तिची किंमतही रुग्णांना मोजावी लागे. मज्जातंतू कापला गेल्याने खांदा झुके आणि मान खोलगट दिसे. रोगनियंत्रणास बाधा न आणता यांतील अनेक अवयव वाचविता येतात, हे पुढील पिढ्यांनी सिद्ध केले.

१९२१ मध्ये क्राइल यांनी तीन सहकाऱ्यांसह क्लीव्हलँड क्लिनिकची स्थापना केली. १५ मे १९२९ रोजी तेथे क्ष-किरण फिती पेटून निघालेल्या विषारी वायूने १२३ जणांचा बळी घेतला. त्यात संस्थापक डॉ. जॉन फिलिप्स यांचाही समावेश होता. चौसष्ट वर्षांच्या क्राइल यांनी संस्था पुन्हा उभी केली. ७ जानेवारी १९४३ रोजी त्यांचे निधन झाले.

तंबाखूच्या व्यसनामुळे मुखकर्करोगाचे प्रमाण मोठे असलेल्या भारतात या वारशाचे मोल अधिक आहे. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले. बंगळूरच्या किदवई संस्थेतही कर्करोगावर उपचार होतात. आज कर्करोगग्रस्त जबडा काढल्यानंतर पायाचे हाड त्याच्या रक्तवाहिन्यांसह तेथे बसविता येते. सूक्ष्मदर्शकाखाली त्या अतिसूक्ष्म वाहिन्या मानेतील वाहिन्यांना शिवल्या जातात. हा रक्तप्रवाह अखंड राहिला, तरच नवा जबडा जगतो.