डोरोथी वॉन : यंत्राआधीच्या ‘कॉम्प्युटर’

‘कॉम्प्युटर’ हे पूर्वी यंत्राचे नाव नव्हते. हाताने आकडेमोड करणाऱ्या माणसाचा तो हुद्दा होता. डोरोथी वॉन यांनीही याच हुद्द्यावर काम केले. २० सप्टेंबर १९१० रोजी अमेरिकेतील कॅन्सस सिटी येथे त्यांचा जन्म झाला. १९२९ मध्ये गणितासह पदवी मिळवून त्या पुढे शाळेत गणित शिकवू लागल्या.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ मध्ये, त्या व्हर्जिनियातील लँगली प्रयोगशाळेत रुजू झाल्या. तेथे विमानांच्या चाचण्यांची किचकट गणिते महिला सोडवीत. कृष्णवर्णीय महिलांचा विभाग मात्र वेगळा होता. जेवणाचे टेबल आणि स्वच्छतागृहही वेगळे. १९४९ मध्ये डोरोथी या विभागाच्या प्रमुख झाल्या. संस्थेतील त्या पहिल्या कृष्णवर्णीय पर्यवेक्षक.

१९५८ मध्ये ‘नासा’ची स्थापना झाली आणि वेगळे विभाग बंद झाले. त्यासोबत डोरोथी यांचे प्रमुखपदही गेले, ते पुन्हा मिळाले नाही. तोवर इलेक्ट्रॉनिक संगणक येऊ लागले होते आणि हाताने आकडेमोड करणाऱ्यांच्या नोकऱ्यांवर गदा येणार हे दिसत होते. डोरोथी यांनी ‘फोरट्रान’ ही संगणकभाषा शिकून घेतली आणि सहकारी महिलांनाही शिकवली. उपग्रह सोडणाऱ्या ‘स्काउट’ अग्निबाणाच्या कामातही त्यांचा वाटा होता. चार टप्पे आणि घन इंधन ही त्याची रचना. १९८० मध्ये ‘रोहिणी’ उपग्रह कक्षेत नेणाऱ्या भारताच्या ‘एसएलव्ही-३’चीही रचना अशीच होती.

१९७१ मध्ये त्या निवृत्त झाल्या. १० नोव्हेंबर २००८ रोजी त्यांचे निधन झाले. ‘हिडन फिगर्स’ या चित्रपटामुळे २०१६ मध्ये त्यांचे नाव घरोघरी पोहोचले.