शाहू महाराज, गुणवत्ता आणि बोर्डिंगची भाकरी

26 जून जवळ आला की शाळाशाळांतून राजर्षी शाहू महाराजांच्या फोटोला हार चढतो. आरक्षणाचे जनक, एवढं मुलांच्या लक्षात राहतं. आम्हाला मात्र त्यांच्या आयुष्यात आरक्षणाइतकीच मोठी वाटते ती वसतिगृहाची गोष्ट.

1874 साली कागलच्या घाटगे घराण्यात जन्मलेले यशवंतराव 1884 मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले. 1894 मध्ये कारभार हाती आला तेव्हा दरबारच्या 71 जागांपैकी 60 जागांवर ब्राह्मण होते. ही मंडळी हुशार नव्हती असं कोण म्हणेल? पण हुशारी दिसायला आधी पाटी-पुस्तक लागतं, आणि ते पिढ्यान्‌पिढ्या कोणाच्या घरात होतं हा खरा सवाल होता. कुणबी, महार, मुसलमानांची पोरं परीक्षेला बसलीच नव्हती, मग नापास कशी ठरली?

26 जुलै 1902 ला, महाराज विलायतेत असताना, हुकूम निघाला. रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी 50 टक्के मागास वर्गांना द्यायच्या. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले सोडून बाकी सगळे मागास, म्हणजे आपणही त्यात आलो. शिवाय खातेप्रमुखांनी दर तीन महिन्यांनी नेमणुकांचा तक्ता पाठवायचा. योजना कागदावरच कशा मरतात, हे महाराजांना चांगलं ठाऊक असावं!

गुणवत्तेचं काय, ही ओरड तेव्हाही झालीच. सांगलीच्या अभ्यंकर वकिलांना महाराजांनी घोड्यांच्या पागेत नेल्याची गोष्ट कोल्हापुरात आजही सांगतात. प्रत्येक घोड्याच्या तोंडाला बांधलेला तोबरा काढून सगळे हरभरे एका जागी ओतायला लावले. धट्टेकट्टे घोडे तुटून पडले, अशक्त आणि शिंगरं मागेच राहिली. वकीलसाहेब काय ते समजले.

पण नोकरी राखून ठेवली तरी त्या नोकरीपर्यंत पोचणारा मुलगा कुठून आणायचा? खेड्यातला गरीब मुलगा शहरात राहणार कुठे, खाणार काय? म्हणून 1901 मध्ये मराठा बोर्डिंग निघालं, आणि मग एकेका समाजाची बोर्डिंगं. सुरुवातीला काही मुस्लिम मुलंही मराठा बोर्डिंगातच राहिली. 1906 मध्ये महाराजांनी मुस्लिम पुढाऱ्यांची सभा बोलावली, मोहामेडन एज्युकेशन सोसायटी उभी केली आणि अध्यक्षपद स्वतःकडे घेतलं. जागा दिली, काही दर्ग्यांचं उत्पन्नही बोर्डिंगला जोडून दिलं. दर्ग्याचा पैसा मुलांच्या जेवणाला आणि शिक्षणाला लागला, ही गोष्ट आमच्या मते आजच्या विश्वस्तांनी, मुतवल्लींनी जरूर वाचावी. उरूस-कंदुरीचा हिशोब आपण ठेवतो, पण दहावीनंतर किती मुलं शाळेतून गळाली याचा हिशोब किती जमातींकडे असतो?

1917 मध्ये महाराजांनी प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या बापाला महिना एक रुपया दंड. रुपया म्हणजे त्या काळी चांगलाच चटका.

नोकऱ्यांचं चित्रही हललं. 1912 पर्यंत जागा 95 झाल्या, त्यांत ब्राह्मण 35. संस्थानाचा कारभार काही बुडाला नाही.

6 मे 1922 ला मुंबईत त्यांचं निधन झालं, वय अवघं 47. मुस्लिम बोर्डिंग कोल्हापूरच्या दसरा चौकात आजही उभं आहे. कधी तिकडे गेलात तर मुलांना घेऊन जा, आणि ते कोणी, कशासाठी बांधलं ते तिथेच उभं राहून सांगा.