कै. गजाननबुवा जोशी

व्हायोलिन हें परमुलखाचें वाद्य. त्यास आपली गायकी बोलावयास लावणाऱ्यांपैकीं एक कै. गजाननबुवा जोशी. जन्म १९११ सालीं मुंबईस. वडील अंतुबुवा यांजकडून ग्वाल्हेरचें गाणें त्यांस घरींच लाभलें; हें वाद्य मात्र ते स्वतःच्या खटपटीनें शिकले. त्यास पडदे नाहींत. बोट केसभर चुकलें कीं सूर ढळला. अशा तारेवर बोट घसरवीत एका गजांत मींड काढावयाची, आणि तीहि गळ्यांतून निघाल्यासारखी! नांव झाल्यावरहि ते जयपूर घराण्याचे भुर्जीखां व आग्र्याचे विलायत हुसेनखां यांजपुढें विद्यार्थी होऊन बसले. आम्हांस त्यांची हीच गोष्ट मोठी वाटते. पुढें आकाशवाणीवर नोकरी केली. उल्हास कशाळकरांसारखे शिष्य घडविले. १९८७ मध्यें आपल्या डोंबिवलींतच त्यांनीं देह ठेविला.