निरोगी स्वयंपाकिणीचे हात

न्यूयॉर्कलगतच्या लाँग आयलंडवरील ऑयस्टर बे हे सधन मंडळींचे हवापालटाचे गाव. अमेरिकेचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांचे घरही तेथेच होते. १९०६ च्या उन्हाळ्यात चार्ल्स वॉरन नावाच्या बँकरने तेथे एक बंगला भाड्याने घेतला. कुटुंब आणि नोकरचाकर मिळून घरात अकरा माणसे होती. ऑगस्ट संपता संपता त्यांच्यापैकी एक मुलगी तापाने आजारी पडली आणि आठवडाभरात आणखी पाच जणांनी अंथरूण धरले. मालकीणबाई, दुसरी मुलगी, दोन मोलकरणी आणि माळी. निदान झाले विषमज्वराचे, म्हणजेच टायफॉइडचे. आपल्या आजी-पणजीच्या पिढीने ज्याला मुदतीचा ताप म्हटले, तो हाच. प्रतिजैविके यायची होती. दर दहा रुग्णांमागे साधारण एक दगावत असे.

टायफॉइड हा तोवर गलिच्छ वस्त्यांचा आजार मानला जाई. त्यामुळे बंगल्याचा मालक हवालदिल झाला. पुढच्या मोसमात घराला भाडेकरू मिळणार नाही, या धास्तीने त्याने जॉर्ज सोपर या स्वच्छता अभियंत्याला पाचारण केले. सोपरने विहिरीचे पाणी, शौचालये, सांडपाणी, दूध, समुद्रकिनाऱ्यावर विकत घेतलेले शिंपले असे सारे काही तपासले आणि एकेक शक्यता निकालात काढली. अखेर त्याचे लक्ष एका बारीकशा नोंदीकडे गेले. ४ ऑगस्टला घरात नवी स्वयंपाकीण आली होती आणि साथ सुरू झाल्यावर सुमारे तीन आठवड्यांनी ती नोकरी सोडून गेली होती. तिचे नाव मेरी मॅलन.

येथे सोपरपुढे एक अडचण उभी राहिली. स्वयंपाकघरातील बहुतेक पदार्थ चुलीवर शिजतात आणि त्या उष्णतेत टायफॉइडचे जंतू टिकत नाहीत. मग हा रोग स्वयंपाकिणीकडून आला कसा? उत्तर मिळाले ते जेवणानंतरच्या गोड पदार्थात. मेरी ताजे पीच चिरून घातलेले आइस्क्रीम उत्तम करी आणि घरातील मंडळींना ते फार आवडे. फळ हाताने सोलायचे, हाताने चिरायचे, साईदुधात कालवायचे आणि गोठवायचे. या साऱ्या प्रक्रियेत विस्तवाचा संबंध कोठेच नाही, आणि थंडीने हे जंतू मरत नाहीत. स्वयंपाकघरातील स्वच्छतेचा विचार करणाऱ्याला आजही हा धागा विसरून चालत नाही. उकळत्या आमटीत हाताची चूक पोटात घालण्याची ताकद असते. कोशिंबीर, श्रीखंड, फ्रूट सॅलड, वाटलेली हिरवी चटणी यांच्यात ती नसते. तेथे हात जसा असेल तसा थेट पानात उतरतो.

मेरीचा जन्म २३ सप्टेंबर १८६९ रोजी आयर्लंडमधील टायरोन परगण्यातील कुक्सटाउन येथला. वयाच्या पंधराव्या वर्षाच्या आसपास ती अमेरिकेत आली आणि इतर असंख्य आयरिश मुलींप्रमाणे घरकामाला लागली. तिच्या हाताला चव होती. घरकाम करणाऱ्या बायकांमध्ये स्वयंपाकिणीला मान अधिक आणि पगारही अधिक. लग्न न केलेल्या, पाठीशी कोणी नसलेल्या या बाईने केवळ त्या कौशल्याच्या बळावर धनिकांच्या घरांत आपली जागा मिळवली होती. तिच्या पुढच्या साऱ्या वागण्याचा उलगडा करताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. स्वयंपाक हे तिचे नुसते काम नव्हते, या परक्या देशात तिच्यापाशी असलेले ते एकमेव भांडवल होते.

सोपरने नोकर पुरवणाऱ्या एजन्सीच्या मदतीने तिच्या मागील नोकऱ्यांचा माग काढला. आठ कुटुंबे सापडली, त्यांपैकी सात घरांत ती असताना वा तिच्या येण्यापाठोपाठ टायफॉइड उद्भवला होता. एकूण रुग्ण बावीस, त्यांत एका मुलीचा मृत्यू. १९०२ साली मेन राज्यातील डार्क हार्बर येथे तर नऊपैकी सात जण आजारी पडले होते. त्या वेळी मेरीने रुग्णांची सेवा इतकी मनापासून केली, की घरमालकाने खूश होऊन तिला पन्नास डॉलर बक्षीस दिले. देणाऱ्याच्या मनात संशय नव्हता आणि घेणारीच्या मनातही.

रोगातून बरी झालेली किंवा कधी आजारी न दिसलेली व्यक्ती जंतू बाळगून असू शकते, ही कल्पना तेव्हा अगदी नवी होती. जर्मनीत रॉबर्ट कॉख याने १९०२ मध्ये ती मांडली होती. अमेरिकेतील सामान्य माणसापर्यंत ती पोहोचलीच नव्हती. आज आपल्याला ठाऊक आहे, की टायफॉइड होऊन गेलेल्यांपैकी शेकड्यात काही जणांच्या पित्ताशयात हे जंतू वर्षानुवर्षे ठाण मांडून राहतात. तेथून ते विष्ठेवाटे बाहेर पडतात. शौचानंतर हात नीट धुतले गेले नाहीत, तर नखांच्या कडांना, बोटांच्या बेचक्यांत राहतात आणि पुढचा प्रवास अन्नातून करतात. डोळ्यांना हात स्वच्छच दिसतो.

मार्च १९०७ मध्ये सोपरने मेरीला न्यूयॉर्कमधील पार्क अव्हेन्यूवरील एका घरात गाठले. त्या घरातही एक नोकराणी तापाने आजारी होती आणि मालकांची मुलगी मृत्युपंथाला लागली होती. सोपर सरळ स्वयंपाकघरात शिरला आणि तुझ्यामुळे माणसे आजारी पडतात, असे सांगून त्याने तिच्याकडे रक्त, लघवी आणि विष्ठेचे नमुने मागितले. शास्त्रदृष्ट्या तो बरोबर होता. माणूस म्हणून त्याने याहून वाईट सुरुवात करायची ठरवली असती, तरी जमली नसती. एक अनोळखी पुरुष येतो आणि धडधाकट बाईला तू रोग पसरवतेस म्हणतो, वर असे काही मागतो! मेरीने मांस कापताना वापरायचा मोठा काटा उचलला आणि त्याच्या अंगावर धावली. सोपरने पळ काढला.

त्यानंतर आरोग्य खात्याने डॉ. जोसेफिन बेकर हिला पाठवले. बेकरचे स्वतःचे वडील टायफॉइडनेच गेले होते. पुढे न्यूयॉर्कच्या बालआरोग्य विभागाची प्रमुख म्हणून तिने मोठे नाव कमावले. पहिल्या भेटीत मेरीने तिलाही दाद दिली नाही. दुसऱ्या दिवशी बेकर पोलीस घेऊन आली, तेव्हा मेरी पसार झाली. कित्येक तास शोध चालला. अखेर एका कपाटाच्या दारात अडकलेला कपड्याचा तुकडा कोणाला तरी दिसला आणि ती सापडली. हातपाय झाडणाऱ्या मेरीला रुग्णवाहिकेत घातल्यावर रुग्णालय येईपर्यंत बेकरला तिच्या अंगावर बसून राहावे लागले. विलर्ड पार्कर रुग्णालयात तपासणी झाली. विष्ठेत टायफॉइडचे जंतू मुबलक होते.

तेथून तिची रवानगी झाली ती ईस्ट नदीतील नॉर्थ ब्रदर बेटावर, संसर्गजन्य रोग्यांसाठी असलेल्या रिव्हरसाइड रुग्णालयाच्या आवारात. एका लहानशा घरात तिला एकटे ठेवण्यात आले. तिच्यावर खटला नव्हता, गुन्हा नव्हता, शिक्षेची मुदतही नव्हती. पित्ताशय काढून टाकण्याचा पर्याय डॉक्टरांनी पुढे केला. त्या काळी अशी शस्त्रक्रिया जिवावर बेतू शकत असे आणि तिने गुण येईलच, याचीही खात्री नव्हती. मेरीने नकार दिला. आपल्याला टायफॉइड कधी झालाच नाही, हे तिचे म्हणणे अखेरपर्यंत कायम राहिले. अंगावर काढलेल्या एखाद्या सौम्य तापाची तिला आठवणही नसावी.

दोन वर्षांहून अधिक काळात तिच्या विष्ठेचे १६३ नमुने तपासले गेले. १२० मध्ये जंतू सापडले, बाकीच्यांत नाही. मेरीने स्वतः एका खासगी प्रयोगशाळेकडे नमुने पाठवले, तेथील निष्कर्ष तिच्या बाजूने आले. जंतू रोज बाहेर पडत नाहीत, कधी पडतात, कधी आठवडेच्या आठवडे पडत नाहीत, हे शास्त्रज्ञांना कळत होते. मेरीला मात्र एवढेच दिसत होते, की एक डॉक्टर एक सांगतो, दुसरा दुसरे. जून १९०९ मध्ये एका वृत्तपत्राने तिची कहाणी भडकपणे छापली. सोबतच्या चित्रात एक बाई तव्यात अंड्यांऐवजी मानवी कवट्या फोडून टाकताना दाखवली होती. टायफॉइड मेरी हे नाव तेव्हापासून तिला चिकटले ते कायमचे. त्याच वर्षी तिने सुटकेसाठी न्यायालयात धाव घेतली; न्यायालयाने आरोग्य खात्याचा अधिकार मान्य केला.

फेब्रुवारी १९१० मध्ये नव्या आरोग्य आयुक्ताने तिला सोडले. अटी तीन होत्या. दुसऱ्यांसाठी स्वयंपाक करायचा नाही, स्वच्छतेचे नियम पाळायचे आणि वेळोवेळी खात्यात हजेरी लावायची. तिला कपडे धुण्याचे काम मिळवून देण्यात आले. त्यात पैसे कमी आणि मानही कमी. दुसरी कला शिकवण्याचा, पोटापुरते वेतन बांधून देण्याचा विचार खात्याने केला असता, तर पुढचे कदाचित टळले असते. तसे झाले नाही. काही काळाने मेरी हजेरीला येईनाशी झाली.

१९१५ च्या प्रारंभी मॅनहॅटनमधील स्लोन प्रसूती रुग्णालयात टायफॉइडची साथ उठली. पंचवीस जण आजारी पडले, त्यांत डॉक्टर, परिचारिका आणि इतर कर्मचाऱ्यांचा भरणा होता. दोघे दगावले. तेथील स्वयंपाकीण मिसेस ब्राउन या नावाने काम करत होती. सोपरला बोलावण्यात आले आणि त्याने हस्ताक्षरावरून तिला ओळखले. मेरीच होती ती.

येथे मेरीची बाजू घेणे कठीण होते. १९०६ साली ती अजाणतेपणी माणसांना आजारी पाडत होती. १९१५ साली नाव बदलून, बाळंतिणी आणि तान्ह्या बाळांच्या रुग्णालयातील स्वयंपाकघरात ती उभी होती, ते अजाणतेपण म्हणता येत नाही. तिचा विश्वास बसला नसेल. पण संशयाला पुरेशी जागा तिच्यापाशी खचितच होती. जनमत फिरले. मार्च १९१५ मध्ये तिला पुन्हा बेटावर नेण्यात आले. या वेळी परतीची वाट नव्हती.

तरीही हिशेबाची दुसरी बाजू नोंदवायला हवी. तिच्या नावे ५० च्या आसपास रुग्ण आणि तीन मृत्यू अधिकृतपणे मांडले गेले. टोनी लाबेला नावाच्या दुसऱ्या एका वाहकामुळे शंभराहून अधिक जण आजारी पडले आणि पाच जण मरण पावले. त्याला जन्मभर कोंडले गेले नाही. आल्फोन्स कोटिल्स हा उपाहारगृहाचा व बेकरीचा मालक. त्यालाही अन्नाला हात लावण्याची मनाई होती. १९२४ साली तो नियम मोडताना पकडला गेला, तेव्हा न्यायाधीशाने तो धंदा दूरध्वनीवरून सांभाळील, या आश्वासनावर त्याला घरी पाठवले. न्यूयॉर्कच्या नोंदवहीत असे शेकडो वाहक जमा होत गेले आणि बहुतेक सारे शहरातच राहिले. एकट्या, गरीब, परदेशातून आलेल्या आणि कोणापुढे मान न तुकवणाऱ्या बाईच्या वाट्याला बेट आले.

दरम्यान शहरांतील टायफॉइड ओसरू लागला होता. पिण्याच्या पाण्यात क्लोरिन मिसळण्यास अमेरिकेत १९०८ साली जर्सी सिटीपासून मोठ्या प्रमाणावर सुरुवात झाली, दूध तापवून बंद बाटल्यांत विकले जाऊ लागले. पाणी आणि दूध सुरक्षित होत गेले, तसा अन्नाला लागणारा हात आरोग्य खात्यांच्या नजरेत अधिक ठळकपणे आला. हॉटेले आणि खानावळींतील कर्मचाऱ्यांच्या वैद्यकीय तपासणीचे नियम अनेक देशांनी केले. भारतातही अन्न सुरक्षा कायद्याखालील २०११ च्या नियमावलीत अन्न हाताळणाऱ्यांची वर्षातून एकदा तपासणी आणि आतड्याच्या ज्वरांविरुद्ध लसीकरण सांगितलेले आहे. घरच्या स्वयंपाकघराला मात्र निरीक्षक नसतो. तेथे शौचानंतर आणि कणीक मळायला घेण्याआधी साबण, वाहते पाणी, नखांखालची जागा आणि कोरडे स्वच्छ फडके एवढाच बंदोबस्त असतो, आणि तो रोजच्या रोज करावा लागतो. नुसते पाण्याखाली बोटे धरून ती पदराला पुसली, तर हात ओले होतात, इतकेच. मेरीला हे कोणी तिच्या स्वयंपाकघरात, तिच्या शेजारी उभे राहून, तिचा अपमान न करता दाखवले होते का, याचे उत्तर तिच्या कहाणीत कोठेही मिळत नाही.

बेटावरची दुसरी कैद तेवीस वर्षे चालली. काळाबरोबर ती थोडी निवळली. तिला दिवसापुरते शहरात जाऊन ओळखीच्या लोकांना भेटण्याची मुभा मिळाली, रुग्णालयात पगारी काम मिळाले. पुढे बेटावरील प्रयोगशाळेत ती मदतनीस झाली. बाटल्या धुण्यासारखी कामे तिच्याकडे असत. ज्या शास्त्रावर तिचा विश्वास नव्हता, त्याच शास्त्राची भांडी ती निगुतीने घासून ठेवी. आपल्या आजाराविषयी मात्र ती कोणाशी बोलत नसे. बेकर हिने पुढे आत्मचरित्रात तिच्याविषयी सहानुभूतीने लिहिले, तेव्हा ते वाचायला मेरी हयात नव्हती.

डिसेंबर १९३२ मध्ये तिला पक्षाघाताचा झटका आला. त्यानंतरची सहा वर्षे तिने रुग्णालयातील खाटेवर काढली. ११ नोव्हेंबर १९३८ रोजी, वयाच्या ६९ व्या वर्षी न्यूमोनियाने तिचे निधन झाले. ब्राँक्समधील सेंट रेमंड दफनभूमीत तिला मूठमाती देण्यात आली. अंत्यविधीला नऊ माणसे होती.