न परतलेल्या विमानांचा हिशेब

एका विमानाचं चित्र. त्यावर लाल ठिपके. पंखांवर गर्दी, शेपटीवर गर्दी, इंजिनांवर मात्र एकही नाही. हे मीम तुमच्याही ग्रुपवर येऊन गेलं असेल. त्यामागचा माणूस मात्र सहसा फॉरवर्ड होत नाही. त्याचं नाव अब्राहम वाल्ड. आणि हो, ते चित्र त्याचं नाहीच. ते इंटरनेटच्या जमान्यातलं आहे.

वाल्ड १९०२ मध्ये जन्मला, तेव्हाच्या हंगेरीतल्या आणि आताच्या रोमानियातल्या क्लुज शहरात. घर कर्मठ ज्यू. शाळा शनिवारीही भरायची आणि शनिवार तर ज्यूंचा पवित्र दिवस. म्हणून सुरुवातीचं शिक्षण घरीच झालं. १९३१ मध्ये व्हिएन्नात त्याने गणिताची डॉक्टरेट मिळवली, पण ज्यू माणसाला विद्यापीठात नोकरी कोण देणार? मग शिकवण्या घेतल्या, अर्थशास्त्रज्ञांसाठी गणितं केली. १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला आणि वाल्ड अमेरिकेला गेला. मागे राहिलेली घरची जवळपास सगळी माणसं नाझींनी संपवली.

युद्धकाळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात संख्याशास्त्रज्ञांचा एक गट सैन्यासाठी गुप्तपणे काम करत होता. वाल्ड त्यात होता, पण कागदोपत्री तो शत्रुदेशाचा! त्यामुळे त्याने लिहिलेला कागद त्याच्या नजरेस पडण्याआधीच काढून घ्यावा लागतो, असा विनोद सहकाऱ्यांमध्ये चालायचा.

काम मात्र जीवघेणं होतं. १७ ऑगस्ट १९४३ ला अमेरिकेचे ३७६ बॉम्बर जर्मनीतल्या श्वाइनफुर्ट आणि रेगेन्सबुर्गवर गेले. ६० पडले. एकेका विमानात दहा जण असायचे, बहुतेक तुमच्याच वयाचे. जाड पत्रा लावून विमान वाचवता येईल, पण सगळीकडे लावला तर वजन वाढणार आणि बॉम्ब, इंधन कमी न्यावं लागणार. मग विमानाचा कुठला भाग सगळ्यात नाजूक, हे कसं ठरवायचं?

मीममध्ये अधिकारी भोकं असलेल्या जागी पत्रा लावायला निघतात आणि वाल्ड त्यांना अडवतो. त्याच्या आठ टिपणांत असा फिल्मी सीन कुठेच नाही. आहेत ती टेबलं आणि समीकरणं. त्यातलं एक काल्पनिक उदाहरण पाहा. समजा ४०० विमानं गेली आणि ३८० परतली. त्यातल्या ३२० ना एकही गोळी लागलेली नाही, ३२ ना एक लागली, २० ना दोन आणि उरलेल्या आठांना तीन ते पाच. न परतलेली वीस विमानं तर तपासायला मिळतच नाहीत. वाल्डने धरून चाललं की गोळी न लागता कुणी पडलं नाही, म्हणजे या विसांनाही गोळ्या लागल्याच. मग परतलेल्यांच्या आकड्यांवरून त्याने उलटा हिशेब मांडला, की एक गोळी खाऊन विमान टिकण्याची शक्यता किती. पुढे हेच भागांनुसार. गोळ्या सगळीकडे सारख्याच बसत असतील आणि परतलेल्यांच्या इंजिनांवर भोकं अपेक्षेपेक्षा कमी दिसत असतील, तर इंजिनावर गोळी खाल्लेली विमानं कुठे गेली? ती खाली पडली. (क्लासच्या होर्डिंगवरचे टॉपर्सचे फोटो आठवतायत? बाकीची बॅच कुठे गेली, हा तोच प्रश्न.)

ही टिपणं १९८० मध्ये पुन्हा छापली गेली, तेव्हा कुठे ती सगळ्यांच्या हाती आली. खरं तर वाल्डचं त्याहून मोठं काम म्हणजे सिक्वेन्शियल अ‍ॅनालिसिस. माल तपासताना किती नग घ्यायचे हे आधीच ठरवायचं नाही. एकेक तपासत जायचं आणि पुरेसा पुरावा मिळाला की थांबायचं. दारूगोळ्याच्या चाचण्यांतून आलेला हा प्रश्न. सैन्याला ही पद्धत इतकी कामाची वाटली की युद्ध चालू असताना ती गुप्त ठेवली गेली. आज औषधांच्या चाचण्या मध्येच थांबवायच्या का, हे ठरवताना हाच विचार वापरतात.

१९५० मध्ये भारत सरकारच्या निमंत्रणावरून वाल्ड व्याख्यानं द्यायला पत्नीसह भारतात आला. १३ डिसेंबरला दोघं ज्या विमानात होते, ते निलगिरीच्या डोंगरात कोसळलं. तो ४८ वर्षांचा होता. मुलगा रॉबर्ट तेव्हा जेमतेम तीन वर्षांचा. एमएस्सी फिजिक्सवाल्यांनो, जनरल रिलेटिव्हिटीचं वाल्डचं जाडजूड पुस्तक लायब्ररीत पाहिलंय ना? ते या रॉबर्टचं.